उकंडराव ऐकून घेतात

सौद्याला बसण्याआधी उकंडराव दलाल गालात एक अख्खी सुपारी धरत. चघळत नसत, फोडत नसत, नुसती धरत. शेतकरी बोलत असेपर्यंत ती सुपारी तिथे असे, आणि ती तिथे असेपर्यंत उकंडरावांना बोलता येत नसे. योजना हीच होती. ते म्हणत, "तोंड मोकळं असलं का ते आपल्याच कामाले लागते. त्याले आंधी बांधून टाकाव."

अमेरिकेत लढाई चालू होती आणि तिच्यामुळे वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलाने विकला जात होता, त्या वर्षांतली ही गोष्ट आहे. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा माल मिळेनासा झाला आणि त्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर आली. अकोला, अकोट, अचलपूर, सगळीकडून गाड्या अमरावतीच्या बाजारात येऊन लागत. रेल्वे अजून यायची होती. बाजाराच्या आवारात सकाळपासून धूळ, बैलांच्या घंटा आणि दलालांचा आरडाओरडा चाले. मी त्या वेळी मुंबईच्या एका वृत्तपत्राला बाजाराची हकिकत लिहून पाठवत असे, त्यामुळे आवारात माझा रोजचा फेरा असे. त्या गोंगाटात गप्प बसलेला एकच दलाल दिसायचा, आणि तो गप्प होता म्हणूनच आधी दिसायचा.

उकंडराव उंच आणि काटक होते. त्यांचे कान मोठे होते हे खरं, पण बाजारात सांगत तेवढे नव्हते. लाल पागोटं ते कानांच्या बरंच वर बांधत. हिवाळ्याच्या सकाळी सगळं आवार कानांना मुंडासं गुंडाळून कुडकुडत असताना उकंडरावांचे कान उघडे असत. रोज अंघोळीआधी ते कानांत कोमट तेल घालून घेत. हिरालाल नावाचा दुसरा मोठा दलाल त्यांना म्हणे, "तेल गाडीच्या आसाला घालतात, उकंडरावजी." त्यावर उकंडरावांचं उत्तर ठरलेलं होतं. "माही गाडी कानावरच चालते."

माणसं ते सुपारीवर मोजत. थोडक्यात बोलणाऱ्यासाठी चिकणी सुपारी पुरे होई. पाल्हाळ लावणाऱ्यासाठी कडक रोठा लागे. "तो अचलपूरचा देशमुख दोन सुपारीचा मानूस हाय," असं ते सांगत आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्या देशमुखाची पूर्ण कल्पना येई. एकदा मी विचारलं, "उकंडराव, मी किती सुपारीचा?" त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं. "तुमी विचारता," ते म्हणाले. "विचारनाऱ्याले सुपारी नाई लागत. त्याले थापा लागते."

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नसे. दलाल आणि शेतकरी एका उपरण्याखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. चार लोकांत बसून चार लोकांना न कळता सौदा व्हावा म्हणून ही रीत होती. म्हणजे जे काही बोलायचं ते हात उपरण्याखाली जाण्याआधी. बाकीचे दलाल गाडी थांबायच्या आत उपरणं पसरत. उकंडराव उपरणं खांद्यावरच ठेवत. शेतकऱ्याला आपल्या ओट्यावर बोलवत, पाणी देत आणि त्याच्या समोर न बसता बाजूला बसत, असे की दोघांनाही त्याचे बैल दिसावेत. "समोर बसलं का मानूस भांडते, बाजूले बसलं का बोलते," हे त्यांचं शास्त्र. मग सुपारी आत जाई. आणि ती जागच्या जागी सरकवून, एका बाजूने, त्यांना जो एकच शब्द उच्चारता येई तो ते मधूनमधून उच्चारत.

"मंग?"

या एका शब्दावर त्यांनी अर्ध्या वऱ्हाडाचा कापूस घेतला असं लोक म्हणत. अर्ध्या वऱ्हाडाचा नसेल, पण बराच घेतला.

नवे दलाल त्यांच्याकडे शिकायला येत, कारण पैसा येत होता आणि दलाली हा धंदा सोपा वाटत होता. त्यांना ते एकच धडा देत. "मानूस पयले भाव सांगते. मंग भावाचं कारन सांगते. अन् सगळ्याच्या मांगून खरं काय ते सांगते. तू भावावरच उठून बसतं, तं तुले खरं कुठून समजन?" नवे दलाल मान हलवत, दोन दिवस गालात सुपारी धरत, तिसऱ्या दिवशी ती फोडून खात आणि हिरालालच्या हाताखाली जात. हिरालालकडे शिकायला काहीच लागत नसे. आवाज लागे.

हिरालालचा आवाज बडनेऱ्यापर्यंत जातो अशी त्याची स्वतःची समजूत होती. चांदीच्या मुठीची काठी, अंगात किनखापी अंगरखा, आणि शेतकरी दिसला की, "अरे भाव बोल ना भाई! भाव बोल!" माणूस वाईट नव्हता. त्याला शांतता सहन होत नसे इतकंच. समोरचा विचार करायला थांबला की हिरालाल घाबरून आपणच बोट वाढवी.

अकोटच्या किसन नावाच्या शेतकऱ्याचा सौदा मी दोघांकडेही पाहिला. किसन पहिल्यांदा हिरालालच्या हाती लागला. हिरालालने उपरणं टाकलं, बोटं दाबली. किसनने हात काढून घेतला. हिरालालने भाव चढवला. किसनने पुन्हा हात काढला. तिसऱ्यांदा हिरालाल ओरडला, "अरे, तुले काय राजाची गादी पाहिजे काय?" आणि किसन उठून गाडीपाशी जाऊन बसला. तिथून उकंडरावांनी त्याला आणलं.

रोठा सुपारी आत गेली. किसन बोलत राहिला. रस्ता खराब. पूर्णा नदी उतरताना डावा बैल घसरला. मेव्हणा सोबत येणार होता, आला नाही. हिरालाल लबाड आहे. अमरावतीत वैरण महाग. डावा बैल फार गुणाचा, किसनच्या मायनं दिलेला. यंदा बोंड चांगलं आलं. वैरण इतकी महाग की विचारायची सोय नाही.

उकंडरावांनी सुपारी हातात घेतली. "बैल लंगडते काय?"

किसन म्हणाला, "नाई लंगडत. पन पाय टेकवत नाई."

खरी गोष्ट अशी होती की आवारात गाडी उभी राहायची ती माल असेपर्यंत. कापूस उतरला की जागा रिकामी करून त्याच दिवशी परत निघायचं, असा बाजाराचा नियम. आणि त्या बैलाने परतीची वाट काढली नसती. किसनला भाव नको होता. त्याला आवारात उभं राहायचं होतं. आणि उभं राहायला कारण पाहिजे म्हणून तो भाव नाकारत होता.

"माह्या गोठ्यात बांध," उकंडराव म्हणाले. "पाय धरला का घेऊन जाय." मग उपरणं पसरलं. हिरालालने पहिल्यांदा दाबलेल्या बोटांवरच सौदा झाला.

हिरालालने हे ऐकल्यावर आवारभर विचारलं, "उकंडराव बैलांचा वैदू आहे की कापसाचा दलाल?" पण त्या वर्षी अकोटच्या बऱ्याच गाड्या उकंडरावांच्या ओट्याशी थांबल्या. हिरालाल त्याला नशीब म्हणे. उकंडराव त्याला कान म्हणत, आणि तसं म्हणताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न असे की त्यात नम्रतेचा अंशही नसायचा. आपल्या कामात आपल्यासारखा दुसरा नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते लपवण्याचं त्यांना कारण दिसत नव्हतं.

ऐकण्याची ही सवय बाजाराबाहेरही जाई आणि लोकांना अडचणीत आणी. कीर्तनाला ते पहिल्या रांगेत बसत आणि इतक्या मनापासून मान डोलावत की बुवांना थांबवेना. शेवटी मंडळींनी त्यांना खांबामागे बसवायला सुरुवात केली. सोयरिकीच्या बैठकीला मुलीकडचे त्यांना हौसेने नेत. एका बैठकीत मुलाचा बाप आपल्या मुलाचे गुण सांगत होता. उकंडराव "मंग?" म्हणत गेले आणि तो सांगत गेला. गुण संपले. तरी "मंग?" आलंच. तेव्हा बोलण्याच्या भरात तो बाप मुलाच्या जुगाराबद्दल सांगून बसला. लग्न मोडलं. मुलीच्या आईने उकंडरावांना लुगड्याच्या घडीइतका मोठा अनारसा पाठवला, आणि गावातल्या मुलांच्या बापांनी त्यांना बैठकीला बोलवू नये असं आपसांत ठरवलं.

आता चांदूर बाजारच्या वाटेवरच्या गावाची गोष्ट.

त्या गावची रीत अशी होती की पाटलाच्या घरचा कापूस आधी काट्यावर चढायचा, मग गावाचा. पाटील वारले होते, पोटी मूल नव्हतं, पण हा मान घराचा होता आणि घरात गोदाबाई पाटलीण होत्या. हंगाम संपत आला तरी त्यांनी काटा लावू दिला नव्हता. त्यामुळे सगळ्या गावाचा कापूस घराघरांत पडून होता. मान मोडून आपला माल आधी विकावा असं कोणाच्या मनातही येत नसे. नाराजी होती, पण हिंमत नव्हती.

त्यातच मुंबईच्या टपालाने वर्तमान आलं की अमेरिकेतली लढाई संपत आली आहे. बाजारात ते मीच वाचून दाखवलं. लढाई संपली की तिकडचा माल सुटणार आणि आमचा भाव कोसळणार, हे सगळ्यांना समजत होतं. मुंबईच्या वखारीचा कारभारी अजून घेत होता, पण किती दिवस घेईल ते सांगत नव्हता.

त्या गावचा महादू नावाचा शेतकरी उकंडरावांच्या ओट्यावर येऊन बसला. त्याला सुपारीची गरज पडली नाही. "पाटलीन मायले काई समजत नाई, उकंडरावजी," तो म्हणाला. "हिरालाल भाव चढवून चढवून थकला. ते नाई म्हनत नाई, हाव म्हनत नाई. 'पाहू' म्हन्ते अन् भाकर वाढते. भाव पडला तं गाव बुडलं. घरात पाय ठेवाले जागा नाई अन् त्या कापसाच्या आमी काय गोधड्या भरत बसू?"

उकंडराव दुसऱ्या दिवशी एकटेच गेले आणि संध्याकाळी रिकाम्या गाडीने परत आले. आवारात सगळे वाट पाहत होते.

"काय उकंडरावजी," हिरालाल म्हणाला, "कान भरले अन् गाडी रिकामी?"

लोक हसले. उकंडरावही हसले. "गाडीले काय घाई हाय," ते म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

मी जवळ जाऊन विचारलं, "पाटलीणबाई काही बोलल्या नाहीत?"

"लय बोलल्या. दोन रोठे गेले. सासरचं झालं, माहेरचं झालं, विहिरीचं झालं, पुतन्याच्या बायकोचं तं दोनदा झालं. कापसाचं एक अक्षर नाई."

"म्हणजे विकायचाच नाही?"

"इकाचा नाई असं कुठी म्हन्ते? भाव कमी हाय असं बी म्हनत नाई. मंजे गोष्ट कापसाची नाईच." त्यांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं. "मी कापसाचं ऐकाले गेलो होतो. तिथंच चुकलो. उद्या नुसतं ऐकाले जातो."

आपली चूक त्यांनी अशा थाटात सांगितली की जणू ती दुसऱ्या कोणाला जमलीच नसती. गावातला माल किती आहे ते मला पाहायचं होतं, म्हणून मी त्यांच्या गाडीत बसलो.

गोदाबाईंचं घर कापसाने भरलं होतं, म्हणजे शब्दशः भरलं होतं. खिडक्यांतून कापूस बाहेर डोकावत होता. चुलीकडे येऊ नये म्हणून मधल्या दारात लाकडी फळ्या उभ्या केल्या होत्या. गोदाबाईंची बाज ओसरीवर आली होती. त्या स्वतः ओट्यावर बसून अंबाडीची पानं खुडत होत्या. महादू आणि गावचे दोघेतिघे खाली उभे होते. ओट्यावर कोणी चढत नव्हतं, कारण चढणाऱ्याला गोदाबाई काहीतरी काम सांगत, ही गोष्ट गावाला ठाऊक होती.

"आला का दगड?" उकंडरावांना पाहून त्या म्हणाल्या. "काल आला, दिसभर बसला. म्या म्हनलं बिचाऱ्याले ऐकू येत नसन. म्हनून मी जोरानं बोलली, तं माहा गळा बसला. अन् हा कोन आनला?"

"पेपरवाले हायेत," उकंडराव म्हणाले.

"लिवतात? मंग लिवा, का पुतन्याच्या बायकोनं माहा खलबत्ता नेला अन् नाई म्हन्ते."

उकंडराव त्यांच्या बाजूला बसले. सुपारी आत गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचं काम पूर्णपणे जवळून पाहायला मिळालं. ते कशाची वाट पाहत नव्हते. मान हलवत होते, अंबाडीची एखादी जून काडी बाजूला टाकत होते, आणि "मंग?" म्हणत होते, तेही प्रश्नासारखं नाही, चुलीत काटकी सारावी तसं.

गोदाबाई म्हणाल्या, "हिरालाल परवा आला. तो बसला का ओटा भरते. लय बोलते तो, पन भाकर मन लावून खाते. ठेचा मांगून घेते."

"मंग?"

"त्याच्या आंधी तो परतवाड्याचा, दात पडेल. त्याले ठेचा चालत नाई. त्याच्यासाठी दह्यातलं केलं. त्याच्या आंधी दोघं आले, अकोल्याचे. त्यातला एक माह्या मावसबहिनीच्या गावचा निंघाला. लय वेळ बसला." त्यांनी पुढची काडी हातात घेतली. "आज कोनी येते का नाई म्हनून पाहून राहिली. दोन भाकरी ज्यादा टाकल्या."

उकंडरावांनी सुपारी काढली आणि उपरण्याच्या टोकाला बांधली.

"माय," ते म्हणाले, "कापूस घरात याच्या आंधी कोन ये?"

गोदाबाईंचे हात थांबले. खाली उभे असलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"पाटील होते तवा गाव ये," त्या म्हणाल्या. "पाटील गेले तं कोन येईन? कामाचं असन तं येतात, तेबी खालूनच बोलतात." मग एकदम आवाज चढला. "मले काय समजत नाई काय? येडी हाय काय मी? काटा लागला का हा ओटा रिकामा. हिरालाल येनार हाय का माही भाकर खाले? तो कापसाले भेटाले येते!"

महादू जमिनीकडे पाहत होता. गावाचं नुकसान होतंय हे तो महिनाभर सांगत होता आणि गोदाबाईंना ते माहीतही होतं. त्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती, इतकंच.

उकंडरावांनी सांत्वन केलं नाही. त्यांचा आवाज सौद्याचा झाला. "मी येईन," ते म्हणाले.

"दलालाचा शब्द!" गोदाबाई हसल्या. "इसार दे."

सौदा पक्का करताना हातावर आगाऊ काही ठेवायचं असतं, त्याला आमच्याकडे इसार म्हणतात. मालाचा इसार सगळ्यांनी पाहिला होता. येण्याजाण्याचा इसार मागितलेला मी तरी पहिल्यांदा पाहिला. उकंडरावांनी क्षणभर विचार केला आणि आपला पितळी तांब्या पुढे केला. वाटसरू माणूस घराबाहेर पडला की तांब्या सोबत असतोच, आणि तो दुसऱ्याच्या घरी ठेवणं म्हणजे तिथलं होणं.

"हा इथंच राहीन. बाजार अमावसेले बंद असते. दर अमावसेले येईन. नाई आलो तं तांब्या तुमचा."

गोदाबाईंनी तांब्या फिरवून पाहिला, बोटाने वाजवला. "पोचा पडला हाय."

"माहीत हाय."

"पुनवेले बी ये."

"पुनवेले बाजार असते."

"मंग अमावसेले दिसभर. येऊन पानी पिऊन गेला असं नाई चालत."

"कबूल."

"भाकर खाऊन."

"कबूल."

"अन् बोला लागन. मले दगड नाई पायजे ओट्यावर. मी एकटीच बोलू, तं भिताड काय वाईट हाय?"

इथे मात्र उकंडराव अडले. इतक्या वर्षांत सौद्यात अडलेले उकंडराव मी पाहिले नव्हते. त्यांनी पागोट्याशी हात नेला, बैलांकडे पाहिलं. गोदाबाई अंबाडी खुडत बसल्या, त्यांना घाई नव्हती. शेवटी उकंडराव म्हणाले, "पाहू." गोदाबाई म्हणाल्या, "'पाहू' माह्या तोंडचं हाय. ते मले नोको देऊ."

"कबूल," उकंडराव म्हणाले.

"ए महादू," गोदाबाई खाली ओरडल्या, "उभा काय राहिला? काटा आन!"

त्या दिवशी पाटलाच्या घरचा कापूस काट्यावर चढला आणि मागोमाग गावाचा. गाड्यांची रांग अमरावतीच्या वाटेला लागली. वखारीने माल घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत लढाई संपल्याची बातमी आली आणि भाव असा खाली आला की माझं मागच्या आठवड्याचं पत्र मुंबईत छापून झालं तेव्हा ते इतिहास झालं होतं. हिरालालने माल धरून ठेवला होता. तो त्यात सापडला, पण त्याचा आवाज गेला नाही. किनखाप गेला. गोदाबाईंच्या गावाचं मात्र निभावलं, आणि तिथले लोक अजून सांगतात की मायनं बरोबर वेळ साधली. गोदाबाईंनी हे कोणाला नाकारलं नाही.

बाजार ओसरला. परगावचे दलाल आले तसे गेले. आवारात गाड्यांपेक्षा बसलेली माणसं जास्त झाली, आणि रिकाम्या माणसांना दुसऱ्याचं फार दिसतं. "उकंडराव दर अमावास्येला कुठे जातात?" हा प्रश्न हिरालालने काढला. "मालाशिवाय दलाल गाडी जुंपत नाही. तिथे काहीतरी चोरून घेणं चाललंय." पाटलीणबाईंना दिलेला शब्द मला माहीत होता, पण वर्ष उलटून गेलं होतं आणि त्या गावात घेण्यासारखं आता काही नव्हतं. शब्द एक-दोन अमावास्या पाळतात, असा माझा समज होता.

एका अमावास्येला मला चांदूर बाजारला जायचं होतं. दुपारच्या सुमारास त्या गावाशी आलो आणि बैलांना पाणी दाखवायला थांबलो. गोदाबाईंच्या घराच्या खिडक्या आता मोकळ्या होत्या. ओट्यावर चढायच्या पायऱ्यांशी मला आवाज ऐकू आला आणि मी थबकलो. तो उकंडरावांचा होता. इतकी वाक्यं एकामागून एक त्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती.

उकंडराव सांगत होते. शेजाऱ्याची शेळी रोज दारातली तुळस खाते. भाकर थापली की मधून फाटते, फाटते ती फाटते. पागोटं धुवायला टाकलं तर धोबी रंग उतरवून आणतो. घरात आल्यावर दिवा लावावासा वाटत नाही, कोणासाठी लावायचा. सगळं असंच, किरकोळ. अमरावतीत त्यांच्या घरी कोण आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. ते दुसऱ्यांना विचारत. त्यांना विचारायची पाळी कधी येतच नसे.

"नर्मदा म्हने, तुमचं तोंड जात्यावानी फिरते," उकंडराव म्हणाले. "लगन झालं तवा मी लय बोलो, माय. बाजारातून आलो का सगळं सांगो. कोन आला, काय म्हने, कोनाचा बैल कसा. तिले झोप लागे, डोळे मिटलेले, अन् तरी ते 'हूं' म्हने. मी म्हनो, झोपली का? ते म्हने, सांगा ना, ऐकून राहिली मी." ते तांब्यातलं पाणी प्यायले. "पटकीच्या साथीत गेली. दुसऱ्या दिशी बी मी बाजारातून आलो अन् सांगाले लागलो. अर्धं सांगून झाल्यावर समजलं."

गोदाबाई समोर नव्हत्या बसल्या. बाजूला बसल्या होत्या, दोघांचं तोंड अंगणाकडे. पायरीवर माझी चाहूल लागली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. आता खलबत्त्याचं काहीतरी निघेल म्हणून मी नमस्काराला हात उचलले. त्यांनी तळहाताने मला आहे तिथेच थांबवलं.

"बस खाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचं बोलनं व्हाचं हाय अजून."

मी पायरीवर बसलो. चांदूर बाजारला पोचायला मला त्या दिवशी उशीर झाला.